टाचणीमावशीचा अर्धा शर्ट

पडदा वर जातो तेव्हा समोर एक खोली दिसते. तिसऱ्या मजल्यावरची, लहानशी, पण खिडकी मोठी. बाहेरच्या झाडाला नुकती पालवी फुटली आहे आणि वारा तिच्याशी उगाचच लाडीगोडी करतो आहे. डाव्या हाताला शिवणयंत्र. उजव्या हाताला कपाट, दोन्ही दारं सताड उघडी. मधोमध पलंग, आणि पलंगावर कपड्यांचा हा एवढा ढीग: काळे शर्ट, काळ्या पँटी, काळे स्वेटर, काळे मोजे. ढिगापुढे कमरेवर हात ठेवून आपली नायिका उभी आहे. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने काटकुळी, केस मागे घट्ट बांधलेले, आणि ओठांत दोन-तीन टाचण्या.

दारात तिची भाची. हातात चहाचे दोन कप.

"मावशी, कपाटात काय अमावस्या भरून ठेवली होतीस?"

"हंबं कंबं," नायिका म्हणाली. हे टाचण्यांमधून आलेलं उत्तर होतं, आणि त्याचा अर्थ 'हे माझे कामाचे कपडे आहेत' असा होता.

तिला सगळे टाचणीमावशी म्हणत. एका नाटक कंपनीच्या कपडेपटात तिने उभी हयात काढली होती. नटनट्यांचे पोशाख शिवायचे, ते त्यांच्या अंगावर चढवायचे, दोन प्रवेशांच्या मधल्या अंधारात उतरवायचे, हे कपडेपटाचं काम. एका हातात सुई, दुसऱ्या हातात नटाची बाही, मग टाचण्या ठेवायच्या कुठे? ओठांत. त्यामुळे निम्मं आयुष्य तिने तोंड मिटूनच गप्पा मारल्या. आणि कंपनीत त्या सगळ्यांना कळायच्या! राजाचा मुकुट तिरका बसला तर 'हूं'. प्रधानाची मिशी सुटायला आली तर 'हूंहूं'. नायिका वेळेआधीच रडायला लागली तर नुसता एक लांब उसासा. तोंडातल्या टाचण्या काढून ती बोलायला लागली, की मग मात्र समजायचं, गोष्ट महत्त्वाची आहे.

काळा रंग हा विंगेचा धर्म. विंगेत उभं राहणारं माणूस प्रेक्षकाला दिसता कामा नये. कडेच्या खुर्चीवरून एखादी चोरटी नजर आत शिरलीच, तर तिला फक्त अंधार दिसावा. म्हणून अंगात काळं, पायात मऊ तळव्यांचे बूट, आणि चालायचं ते भिंतीला खेटून, आडवं. टाळ्या ऐकू यायच्या, भरपूर यायच्या, पण नेहमी बाजूने. समोरून येणारी टाळी कशी असते, हे मावशीला कधी कळलंच नाही.

पुढे नाट्यगृह विकलं गेलं आणि तिथे फर्निचरचं दुकान आलं. जिथे इतके राजे धारातीर्थी पडले, तिथे आता सोफे पडलेले असतात. मावशीला भाचीने आपल्या ऑफिसात चिकटवून घेतलं. ऑफिस लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीचं. भाची हिशेबाच्या खात्यात आणि मावशी मागच्या खोलीत, फोनवर. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं घाबरून फोन करत, आणि मावशी त्यांना थंड आवाजात सांगे, "अजिबात घाबरायचं नाही. आपल्या प्रवेशाला अजून वेळ आहे. एक खोल श्वास घ्या बरं." हेच ती पस्तीस वर्षं नटांना सांगत आली होती. अडकलेली माणसं सुटल्यावर खास तिचे आभार मानायला फोन करत.

आणि मग पुढची खुर्ची रिकामी झाली. पुढची म्हणजे दर्शनी दालनातली. समोर काचेचं मोठं दार, आणि आत येणाऱ्याला पहिलं माणूस दिसणार ते त्या खुर्चीवरचं. तिथे बसणारी मुलगी दुसऱ्या गावी गेली. मॅनेजर मॅडमनी मावशीला बोलावलं.

मॅडम वयाने मावशीपेक्षा लहान, पण बोलणं तोलूनमापून. त्या म्हणाल्या, "तुमचा आवाज चांगला आहे, बोलणं चांगलं आहे. एक आठवडा पुढे बसून बघा. जमलं तर खुर्ची कायमची तुमची. नाही जमलं तर मागची खोली आहेच. पण मावशी, हे काळं नको. ती खुर्ची काळी, तुम्ही काळ्या. काल मी तुम्हाला जरा वेळ तिथे बसवलं, तर एक गृहस्थ खुर्ची रिकामी समजून तुमच्या मांडीवर बॅग ठेवायला निघाले होते."

"ठेवलीच होती," मावशी म्हणाली. "मी उचलून दिली."

"बघा! वसंत आलाय बाहेर. जरा त्याच्यासारखं दिसा. टापटीप, प्रसन्न. आणि दिवसभर बसवेल असं काहीतरी घाला."

तर पलंगावरच्या त्या ढिगाची ही अशी कुळकथा.

"एवढं काय ते त्या खुर्चीचं?" भाचीने चहाचा कप पुढे केला. "मागच्या खोलीत निवांत असतेस की. कोणी बघायला नाही, कोणी टोकायला नाही."

मावशीने एकेक करून टाचण्या ओठांतून काढल्या आणि गादीत खोचल्या.

"अगं, तेच तर. कोणी बघायला नाही. जन्मभर मी उजेडाच्या कडेला उभी राहिले. आता एकदा मधोमध बसायचंय. मला नाटकात काम नको, हार नकोत, तुरे नकोत. दार उघडून माणूस आत आलं की त्याने आधी मला बघावं, एवढंच. ती खुर्ची गेली, तर मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार. मग कायमचीच."

भाचीने हातातले कप खाली ठेवले. तिने तो काळा ढीग उचलून परत कपाटात कोंबला, दार गुडघ्याने लोटलं आणि म्हणाली, "चल. दुकानात जाऊ."

दुकान म्हणजे आरसेच आरसे. विक्रेती कपड्याची समोरची बाजू दाखवी आणि मावशी तो उलटा करून आतली बाजू बघे. शिवणीत नख घाली, अस्तर दोन बोटांत चोळी, काखेत नाक खुपसायलाही कमी करत नसे. विक्रेती बिचारी हळूहळू दोन पावलं मागे सरकली.

भाचीला मात्र एक ड्रेस मनापासून आवडला. फिकट गुलाबी, अंगाबरोबर बसणारा, निमुळत्या बाह्यांचा. तिने तो घालून आरशापुढे एक गिरकी घेतली.

"बस," मावशी म्हणाली.

"काय?"

"खाली बस. मग वाक. मग हात वर कर." कुठलाही पोशाख नटाच्या अंगावर चढवला की मावशी हे तीन हुकूम सोडायची. तिन्हीत जो टिकला तो तिसऱ्या अंकापर्यंत टिकतो, असा तिचा अनुभव.

"मावशी, मी हिशेबाच्या खात्यात आहे. मी हात वर कशाला करू? चोर आलेत का?"

"बरं, निदान वाक तरी."

"इथे? एवढ्या लोकांत? काहीतरीच तुझं!" भाचीने ड्रेस घेतला.

मावशीला कुठलाच कोट पसंत पडेना. "सकाळी गारवा, म्हणून हा कोट हवा. आणि दुपारी त्या काचेतून ऊन आत आलं की याच कोटात मी उकडून निघणार. वसंताचं हे असंच असतं बघ. पहिला अंक थंड, दुसरा गरम, तिसऱ्यात पुन्हा झुळूक. आणि कपडे बदलायला मध्यंतर नाही!"

शेवटी तिने कापड घेतलं. कोवळ्या पानाच्या रंगाचं लिनन, कोटापुरतं. आणि दुधाळ रंगाचं एक तुकडाभर सुती कापड.

"एवढ्याशा तुकड्यात शर्ट होईल?" भाचीने विचारलं.

"अर्धा होईल. अर्धाच लागतो."

ही कपडेपटाची जुनी करामत. कोटाखालचा शर्ट प्रेक्षकाला दिसतो किती? कॉलर, छाती आणि मनगटं. मग शिवायचं तेवढंच. कॉलरला जोडलेली छाती, तिला खरी काजं, खरी बटणं, कडक इस्त्री. कफ कोटाच्या बाहीलाच आतून टाचलेले. पाठ नाही, बाह्या नाहीत. मागे मानेशी एक आणि कमरेशी एक, अशा दोन नाड्यांच्या गाठी. वर बिनअस्तराचा कोट. बघणाऱ्याला वाटतं माणूस नखशिखांत पोशाखात आहे, आणि घालणाऱ्याच्या अंगाला वारा लागतो. दिव्यांच्या झोतात तासन्‌तास उभे राहणारे नायक या अर्ध्या शर्टाला दुवा देत.

आता त्यात एक धोका होता, हे खरं. कंपनीचा एक नायक रोज मरताना उताणा पडायचा. एका प्रयोगाला त्याला भलताच रंग चढला. त्याने कोट भिरकावला आणि तो पालथा पडला. प्रेक्षक रुमाल काढून तयार होते. त्यांना दिसल्या दोन नाड्या आणि त्यांच्या फुलपाखरासारख्या गाठी. पुढच्या रांगेतून एक आजोबा ओरडले, "अरे, याची पाठ कोणी नेली?" नाटक शोकांतिका होतं, पण लोक डोळे पुसत बाहेर पडले ते हसून हसून.

"आणि ऑफिसात कोट काढायची वेळ आली तर?" हा किस्सा पाठ असलेल्या भाचीने विचारलं. शिवणयंत्र धडधडत होतं.

"खुर्चीवर बसलेली बाई कोट कशाला काढेल?"

"कोणी मागून आलं तर?"

"मागे भिंत आहे. मी बघून ठेवलंय."

"मावशी, ऑफिस म्हणजे काही रंगमंच नाही. तिथे माणसं चहूबाजूंनी फिरतात."

"हात वर कर बघू तुझा तो गुलाबी घालून," मावशी म्हणाली, आणि विषय तिथेच संपला.

सोमवारी सकाळी दोघी निघाल्या. मावशीच्या अंगात तो कोवळ्या पानाचा कोट, आत दुधाळ कॉलर, खाली करड्या रंगाची सैलसर पँट. सगळ्यात आत मात्र जुना बिनबाह्यांचा काळा बनियनच. तेवढी सवय सुटली नव्हती. रस्त्याने ती भिंतीला खेटून चालायला लागली, तसं भाचीने तिला दंडाला धरून फुटपाथच्या मध्ये ओढलं.

"अशी चाल. आज तुला कोणी लपायला सांगितलेलं नाही."

दारातच कंपनीचा जुना फोरमन भेटला. सगळा जन्म लिफ्टमध्ये गेल्यामुळे त्याला सगळे 'वरखाली' म्हणत, आणि तोही कोणी हाक मारली की 'कितवा मजला?' असं ओ द्यायचा. तो मावशीकडे बघतच राहिला.

"अहो, आमच्या टाचणीमावशी कुठे गेल्या? तुम्ही कोण?"

"मी तिची धाकटी बहीण."

"असं होय! मग थोरलीला सांगा, घरीच आराम करा म्हणावं."

मावशी खुर्चीवर बसली. काचेच्या दारातून सकाळचं ऊन तिच्या टेबलापर्यंत आलं. पहिला माणूस आत शिरला, तिच्याकडे बघून हसला. मावशीने चटकन मागे वळून पाहिलं, हा कोणाकडे बघून हसतोय म्हणून. मागे भिंत होती.

दुपारपर्यंत तिला सवय झाली. मंगळवारी ती माणूस आत यायच्या आधीच हसायला लागली. बुधवारी मॅडम येता-जाता थांबल्या आणि म्हणाल्या, "कोट छान आहे हो. कुठल्या दुकानातला?" मावशी नुसतीच "हूं" म्हणाली, आणि हे उत्तर मॅडमना फारच भारदस्त वाटलं. गुरुवारी तर कोणीतरी टेबलावर पेल्यात दोन फुलं ठेवून गेलं. वरखाली म्हणाला, "मी नाही हं." त्याला कोणी विचारलं नव्हतं.

शुक्रवार उजाडला तो तापतच. वसंताने रातोरात पागोटं बदलावं आणि उन्हाळा होऊन बसावं तसं झालं. त्यात हवा गार करणारं यंत्र बंद पडलं. आणि नेमके त्याच दिवशी मोठे पाहुणे यायचे होते. शहरात अर्ध्या डझन उंच इमारती असलेले एक वृद्ध गृहस्थ आपल्या दोन माणसांना घेऊन, सगळ्या लिफ्ट या कंपनीकडे सोपवायच्या की नाही ते ठरवायला. बैठक आतल्या खोलीत, लांब बोळाच्या टोकाला. हिशेब मांडणार भाची. म्हणून तिने तो गुलाबी ड्रेस घातला होता.

मॅडम दर्शनी दालनात आल्या. कपाळ घामाने डबडबलेलं.

"सगळ्यांनी कोट काढून ठेवा. पाहुण्यांसमोर घामाघूम बसण्यापेक्षा ते बरं." सगळ्यांनी कोट आतल्या खुंट्यांवर टांगले, फक्त वरखालीचा कामाचा कोट तेवढा त्याच्या अंगात राहिला. "मावशी, तुम्हीपण."

"नको मॅडम. मला छान वाटतंय."

आणि ते अगदी खरं होतं. साऱ्या ऑफिसात घामाचा एक थेंब नसलेलं माणूस तेवढंच. मॅडमनी संशयाने तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

"बाईंच्या आत पंखा बसवलाय कुठेतरी," वरखाली म्हणाला. "मला जरा दुरुस्तीला देता का?"

"ऐका मावशी," मॅडम म्हणाल्या. "पाहुणे आले की त्यांना कोणाबरोबर पाठवू नका. तुम्ही स्वतः घेऊन या, आमच्या दारापर्यंत. आज तुमचा आठवडा संपतोय. काय ते आजच ठरवू." आणि त्या आत गेल्या.

मावशीने कोटाचं वरचं बटण चाचपून पाहिलं. कोट अंगात आहे तोवर काय भीती?

"निदान ती वरची खिडकी तरी उघडते," भाची म्हणाली. एका हाताने फायली सावरत ती टाचांवर उभी राहिली, आणि तिने दुसरा हात वर केला.

चर्रर्र.

शिवणकाम करणाऱ्या माणसाला हा आवाज झोपेतही ओळखता येतो. मावशी खुर्चीतून उठली. काखेपासून थेट कमरेपर्यंत भाचीचा ड्रेस उसवला होता. भाचीने झटकन भिंतीला पाठ लावली. तिचा चेहरा पांढराफटक.

"मावशी! टाचून दे!"

"श्वास घेतलास की सुटेल."

"मग मी काय करू? ते आलेच बघ!"

काचेपलीकडे गाडी थांबली होती. एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ काठी टेकत उतरत होते.

त्यानंतर जे झालं ते मावशीने केलं असं म्हणता येणार नाही. ते तिच्या हातांनी केलं. नट विंगेत धावत येतो, पुढच्या प्रवेशाचे दिवे लागायला क्षणाचाच अवधी असतो, आणि तेवढ्यात त्याचा राजाचा भिकारी करायचा असतो. तेव्हा डोकं वापरायला वेळ कोणाला? आतल्या खुंट्यांवर सगळ्यांचे कोट लटकत होते, ही साधी गोष्ट दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आली नाही. मावशीचा कोट मावशीच्या अंगातून निघाला, भाचीच्या अंगात गेला, कफ मनगटांवर आले, कॉलर सरळ झाली, ढिला पडणारा कमरेचा भाग एका टाचणीने आत गेला. पान आणि गुलाबी. मुद्दाम जुळवून घेतल्यासारखं दिसत होतं.

"जा. एक खोल श्वास. आपला प्रवेश आला."

भाची बोळाकडे निघाली, वळली, आणि मग तिला दिसलं.

"मावशी... तुझी पाठ!"

"माझ्यामागे भिंत आहे," मावशी म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

समोरून बघाल तर बाई झकास दिसत होती. दुधाळ कॉलर, कडक इस्त्रीची छाती, उघडे दंड. एखादा नव्या फॅशनचा बिनबाह्यांचा शर्टच म्हणा ना. मागून काळा बनियन आणि दोन फुलपाखरं. ती बसता बसता वरखालीला ती फुलपाखरं दिसली होती. क्षणभर त्याचा जबडा खाली आला, मग त्याने मुकाट्याने आपला कामाचा कोट काढून पुढे केला. त्यावर इतकं ग्रीस होतं की तो आपोआप उभा राहिला असता. मावशीने मान हलवली. तेवढ्यात दार उघडलं.

"यावं," मावशी म्हणाली. "मॅडम आपलीच वाट बघताहेत."

"वा!" वृद्ध गृहस्थ म्हणाले. "बाहेर उन्हाने जीव नकोसा केलाय, आणि तुम्ही कशा ताज्यातवान्या! चला, कुठे जायचं? तुम्हीच न्या आम्हाला."

मावशी उठली. भिंत पाठीशी होती, तोवर काही अवघड नव्हतं. आडवं सरकायचा तिचा रियाज पस्तीस वर्षांचा. पण दालनाची भिंत बोळाच्या तोंडाशी संपली. आता पुढे होऊन पाहुण्यांना वाट दाखवायची. पुढे होऊन म्हणजे त्यांना पाठ दाखवून.

आणि इथे आपल्या नायिकेला दरबाराचा प्रवेश आठवला. राजापुढून निघताना दरबारी कधी पाठ फिरवत नाहीत. हजारदा पाहिलेला, आणि हजारदा बाजूने पाहिलेला तो प्रवेश. तिने पाहुण्यांकडे तोंड केलं, उजवा हात लांब करून वाट दाखवली, मंद हसली, आणि उलटी चालायला लागली.

पावलाचा आवाज नाही. मागे एकदाही नजर नाही. कपडेपटातलं माणूस अंधारात नटाचा झगा सावरत असंच चालतं. "उजवीकडे कुंडी आहे, सांभाळून हं," ती पाहुण्यांना म्हणाली आणि स्वतः न बघता कुंडीला वळसा घातला. "इथे एक पायरी." ती स्वतः पायरी अशी उतरली, जणू पायरीनेच तिला खाली ठेवलं. वृद्ध गृहस्थांनी चालता चालता टाय सरळ केला. त्यांची दोन माणसं नकळत पावलाला पाऊल जुळवून चालू लागली. वरखाली भिंतीशी ताठ उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. ती त्याने तोंडावर धरली होती, ही गोष्ट वेगळी.

बोळाच्या दुसऱ्या टोकाला, उघड्या दारात, मॅडम स्वागताला उभ्या होत्या. पाहुण्यांना मावशीचं तोंड दिसत होतं. मॅडमना दिसत होतं ते दुसरंच. एक काळी पाठ, तिच्यावर दोन गाठी, आणि ती पाठ एकेक पाऊल टाकत त्यांच्याच अंगावर चालून येत होती. मॅडमच्या मागे भाचीने डोळे मिटून घेतले.

दाराशी येताच मावशी एक पाऊल बाजूला झाली, भिंतीला टेकली आणि म्हणाली, "मॅडम, पाहुणे आले."

मॅडमनी तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं आणि म्हणाल्या, "या, या. बसा."

दार लागलं. मावशी भिंतीभिंतीने परत आली आणि खुर्चीवर बसली. पुढचा तासभर ती काचेच्या दारातून बाहेर बघत होती. तिला वाटलं, झालं ते झालं. आठवडा तर मिळाला. आठवडाभर माणसांनी आत येऊन आधी मला बघितलं. मागच्या खोलीत बसून आठवायला एवढं पुरे. मग तिला वाटलं, छे, पुरे कसलं! नाहीच पुरणार.

बैठक संपली. वृद्ध गृहस्थ बाहेर आले, मावशीच्या टेबलापाशी थांबले, किंचित झुकले, आणि काठीच्या आधाराने उलटे चालत काचेच्या दारापर्यंत गेले. त्यांच्या माणसांनाही मग तसंच जावं लागलं. एकजण दाराच्या मुठीवर आपटला.

भाची धावत आली. कोट काढून मावशीच्या हातात देत तिने आपली उसवलेली बाजू पुढे केली. मावशीने ओठांत टाचण्या धरल्या, आणि ती टाचायला लागली.  तेवढ्यात मॅडम येऊन समोर उभ्या राहिल्या.

"मावशी, उभ्या राहा."

मावशी उभी राहिली.

"वळा."

हा शब्द मावशीला जड गेला. पण ती वळली, आणि सबंध दर्शनी दालनाला पाठ दाखवून उभी राहिली. काचेतून येणारं ऊन त्या दोन गाठींवर पडलं होतं. मॅडम जवळ येऊन वाकून बघायला लागल्या.

"या गाठी तुमच्या तुम्हीच मारता? हात मागे नेऊन?"

"हूं."

"आठवडाभर?"

"हूं."

"आणि मी बावळटासारखी विचारतेय, कुठल्या दुकानातला!" मॅडम डोक्याला हात लावून म्हणाल्या. "मावशी, तुम्ही पडला असतात तर? पाहुण्यांच्या पायात?"

"ती नाही पडत," भाची मध्येच म्हणाली. "मॅडम, चूक माझी आहे. मी हात वर केला."

"हात वर केला म्हणून काय झालं?" मॅडमना काही कळलं नाही, आणि त्यांनी ते सोडून दिलं. "सही झाली. सगळ्या इमारती. हिशेब तू चांगला मांडलास. पण ते आजोबा निम्मा वेळ एकच विचारत होते, की ही अदब तुमच्या ऑफिसात सगळ्यांना शिकवता का. मी काय सांगणार? हो म्हणाले." वरखालीला ठसका लागला. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच तोंडावर हात धरला, आणि अखेर खळखळून हसल्या. कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या, "बसा, मावशी. सोमवारपासून ही खुर्ची तुमची. कायमची. पण एक सांगा, येईल त्या पाहुण्याला रोज असंच उलटं चालत आत नेणार आहात का?"

मावशी वळली. एकेक करून तिने टाचण्या ओठांतून काढल्या आणि टेबलावरच्या फुलांच्या पेल्याशेजारी ठेवल्या.

"नाही मॅडम, सोमवारी सरळ पुढे होऊन नेईन. मध्ये दोन दिवस आहेत, तेवढ्यात शर्टाला पाठ लावून घेते."